सगुणाक्काचं अंगण

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. बर्फाळ शिखराखालच्या कुरणात सगुणाक्का नावाची मार्मोट राहायची. मार्मोट म्हणजे खारीची थोरली बहीणच. मांजराएवढी गुबगुबीत, बिळात राहणारी आणि हिवाळाभर झोपणारी.

अक्काला स्वच्छतेचं भारी वेड. बर्फ वितळला की ती बिळातलं कुजकं गवत आणि लेंड्या कड्यापर्यंत ओढत न्यायची आणि खाली लोटून द्यायची. शेजारणींची अंगणं पाहून नाक मुरडायची.

पण तिच्या दारचं गवत दरवर्षी विरळ होत गेलं. एका उन्हाळ्यात पिल्लांच्या अंगावर मांसच धरेना. हिवाळ्यात तशीच झोपली असती, तर पिल्लं पुन्हा उठली नसती.

अक्का गवतावर खेकसली, "वाढायला काय धाड भरलीय रे तुम्हाला?"

एक पिवळी काडी म्हणाली, "आमचं जेवण तू कड्यावरून लोटतेस, अक्का."

"शी! ती घाण खाता तुम्ही?"

"आम्ही ती खातो, म्हणून तुला आम्ही खायला मिळतो."

त्या वर्षी अक्काने पिल्लांना शेजारणींच्याच दारात चारून जगवलं. लेंड्या अंगणात राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यातही गवत पिवळंच होतं, कारण तिथल्या थंडीत काही मुरायचं म्हणजे वेळ लागतो. अक्का वाट पाहत राहिली. मग हळूहळू अंगण हिरवं झालं.

बऱ्याच वर्षांनी घरात नवी सून आली. "सासूबाई, दारात केवढी ही घाण! कड्यावरून टाकून येऊ?"

अक्काने दारातलं कोवळं गवत तोडून तिच्यापुढे ठेवलं.

"आधी पोटभर जेव, बाई. मग टाकावंसं वाटलं तर टाक."