महाकारभाऱ्याची सनद

“तळ्याचा घाट, पेठेचा दरवाजा आणि लग्नाचा मांडव! तिन्ही कामं राजकन्येच्या लग्नाआधी पुरी झाली पाहिजेत. मधे मी काहीही मागेन, पण तुझ्या तोंडून ‘नाही’ निघालं की सनद गेली!”

राजा उदयसेनाने अट सांगितली आणि दरबारात खसखस पिकली. अनेक कामं एकाच वेळी हाकणाऱ्याला महाकारभाऱ्याची सनद मिळे. पण परीक्षा घेणारा हा राजा! त्याला रोज नवं काहीतरी सुचायचं. मागे एकजण वैतागून ‘नाही’ म्हणाला आणि घरी गेला. दुसरा सगळ्यालाच ‘हो’ म्हणत बसला, म्हणून तर घाट अर्धवट पडला होता!

समोर उभी होती राजकन्येची दासी हौसा. दोन वेळा नापास झालेली.

“महाराज, माझी अक्कल आपल्याला ठाऊकच आहे,” ती म्हणाली. “दोन चुलींवर दोन पातेली ठेवली, की माझी दोन्ही करपतात. तरी यंदा बसते!”

“यंदा नापास झालीस, तर जन्मभर हत्तीखान्यात लीद भरायची!”

हौसाला घाम फुटला. पण जीभ कसली गप्प बसते! “चालेल महाराज. काम किती झालं ते निदान ढिगावरून तरी कळेल!”

कामं सुरू झाली. पहिल्याच सकाळी बैलगाड्यांवरून गवंडी आणि सुतार हातघाईवर आले. हौसाने तोड काढली. गाड्या दगड घेऊन घाटावर जायच्या, त्या परतताना तळ्याकाठचे बांबू मांडवाकडे आणू लागल्या. आपल्याला हे सुचलं, याचं सर्वांत जास्त नवल तिलाच वाटलं!

तेवढ्यात राजा घाटावर आला. “इथे संगमरवरी मोर हवेत!”

“हो महाराज! आजच बसवते. संगमरवर तेवढा आपल्या स्नानगृहात आहे. उखडायला गवंडी पाठवू?”

“छे छे! मोरांची काही गरज नाही!”

दुसऱ्या दिवशी राजा पेठेत. “दरवाजा आणखी दोन मजले चढव!”

“हो महाराज! मांडवावरचे सुतार इकडे आणते. मग लग्न उन्हात लागेल. व्याह्यांच्या डोक्यावर छत्री आपण धराल, की मी धरू?”

“दरवाजा वाढवायचा नाही!” राजा गुरगुरला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तर त्याने कहरच केला. “मांडव तळ्यापलीकडे हलव!”

हौसा म्हणाली, “हो महाराज! आत्ता हलवते. मुहूर्त मात्र पुढे जाईल. तेवढं राणीसाहेबांना आपण सांगून या!”

राजाचा चेहरा उतरला. “राणीला? मी? नाही, नाही! मांडव आहे तिथेच राहू दे!”

लग्न थाटात लागलं. घाट बांधून झाला, दरवाजा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी राजाने हौसाला दरबारात उभं केलं.

“मोर कुठे? मजले कुठे? मी मागितलेलं काहीच दिलं नाहीस! म्हणजे तू ‘नाही’च म्हणालीस! आणा रे लिदीची पाटी!”

हौसाने हात जोडले. “महाराज, मी दर वेळी ‘हो’च म्हणाले. ‘नाही’ म्हणालात ते आपण!”

राणी खुदकन हसली, आणि पाठोपाठ राजा असा खदखदून हसला, की मुकुट सावरायला प्रधान धावला.

राजाने सनद आणि सोन्याच्या पाटल्या स्वतः हौसाच्या हाती दिल्या. आनंदाने वेडावलेली हौसा सनद उलटी धरूनच वाचू लागली. राणीने हळूच ती सुलटी करून दिली!