नैवेद्याचं लोणी

“मग आज गादीवर मी उभं राहायचं की नाही, माई?”

सकाळपासून अंबुजेचा हाच धोशा चालला होता. माई ताक घुसळत होत्या. रवी घुमत राहिली...

गोकुळाष्टमी होती. दिवेलागणीला मठात कीर्तन. आजवर ते माईंनी केलं. यंदा माईंचा आवाज बसला तो बसलाच. इतकी वर्षं त्यांच्या मागे झांज धरून उभ्या राहिलेल्या अंबुजेनं मनाशी पण केला होता, आज पुढे उभं राहायचंच. त्यासाठी चातुर्मास लागल्यापासून ती एकभुक्त होती. आता माईंनी एकदा ‘हो’ म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

“आख्यान कशावर लावशील?” माईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“लोण्यावर!” अंबुजा सरसावून बसली. “तेच नवनीत, तोच मस्का. एखादा साहेबाला लोणी लावतो, एखादा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो. गुटगुटीत पोराला आपण लोण्याचा गोळा म्हणतो आणि थाप मारली तर ती लोणकढी. बायका म्हणतात, पुरण कसं लोण्यासारखं वाटलं गेलंय. एक शब्द माई, पण प्रपंचात किती रूपं घेतो! लोक तोंडात बोट घालतील.”

“आणखी?”

“आणखी भाकरीवरचं लोणी. बाळाच्या ओठांना लावायचं लोणी. झालंच तर कृष्णानं चोरलेलं.”

माईंनी गोळा काढला, गार पाण्यात टाकला. गाय आटत आलेली, गोळा भरला लिंबाएवढाच. तो चांदीच्या वाटीत घालून त्यांनी बाळकृष्णापुढे ठेवला.

“एक अर्थ राहिला,” त्या म्हणाल्या.

“कुठला?”

“तो सापडला की उभी राहा.”

अंबुजेनं ओठ घट्ट मिटले. सापडवीनच, म्हणाली मनात. उन्हं कलली तरी ती देवघराच्या उंबऱ्याशी सोवळं नेसून बसून होती, डोळे मिटून एकेक शब्द उलटसुलट करत.

तेवढ्यात दारात रडण्याचा आवाज आला.

द्वारकाकाकू सुनेला धरून आत आणत होत्या. सगुणेला आठवा लागलेला. डाव्या हाताला सूज येऊन तो केळीच्या कांद्यासारखा झाला होता आणि ओटीभरणातल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. बोटं निळी पडत चालली होती.

“माई, काहीतरी करा हो! साबण झाला, तेल झालं. हलेनात.”

“फोडा ना त्या!” सगुणा कळवळली.

“शुभ बोल गं नारी! पोटुशीच्या हातातली बांगडी फोडा म्हणे. आज सणाचं असलं तोंडातून काढू नकोस.”

सगुणेचा पदर लागेल म्हणून अंबुजा आपलं सोवळं सांभाळत जरा मागे सरकली. बसल्या जागेवरून म्हणाली, “काकू, असं घाबरू नये. चुडा म्हणजे काय नुसती काच असते? चुड्याचा अर्थ असा की...”

“अंबुताई, दुखतंय हो!” सगुणा ओरडली.



अंबुजेनं माईंकडे पाहिलं. माई वाती वळत होत्या.

तिनं त्या निळ्या बोटांकडे पाहिलं. मग उठली, देवघरात गेली आणि वाटी घेऊन बाहेर आली.

“अगं अगं, देवाचं आहे ते!” द्वारकाकाकूंनी कपाळाला हात लावला. “आणि सोवळ्यात शिवतेस कुणाला?”

अंबुजेनं ऐकलं की नाही, कोण जाणे. तिनं सगुणेचा हात आपल्या खांद्याच्या वर उचलून धरला. गार लोणी बोटांपासून मनगटापर्यंत चोळलं. काचेखाली नखानं थोडं थोडं सारलं. सूज जराशी दबेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. मग अंगठा तळव्यात दुमडला आणि पहिली बांगडी ओढली.

हलेना.

पुन्हा लोणी. पुन्हा दाबून धरणं. सगुणेनं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. लोणी वितळून अंबुजेच्या कोपरापर्यंत ओघळलं, सोवळ्यावर डाग पडले...

बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली. अंबुजेनं श्वास रोखला. आणि ती सुटली, अख्खीच्या अख्खी.

“वाढवली नाही ना?” द्वारकाकाकूंनी डोळे किलकिले करून विचारलं.

अंबुजेनं नुसती मान हलवली. दुसरी घेतली.

शेवटची बांगडी परातीत ठेवली तेव्हा वाटी पुसून लख्ख झाली होती. सगुणेच्या बोटांत हळूहळू रंग भरत होता. ती रडता रडता हसली. “अगंबाई, आत यानंही लाथ मारली बघा!”

“त्याला म्हणावं, जरा दम धर,” माई म्हणाल्या. “आणि द्वारका, ही सूज काही बरी नाही. कीर्तनाला थांबू नकोस. आत्ताच्या आत्ता हिला नर्सबाईंकडे घेऊन जा.”

दोघी गेल्या. बाहेर मठाच्या मंडपात बायकांची बोलणी वाढू लागली होती. कुणी तरी पेटीचा सूर धरला.

माईंनी समई लावली. “काय गं, सापडला का?”

“काय, माई?”

“राहिलेला अर्थ.”

अंबुजा त्यांच्याकडे पाहत राहिली. “मी... मी शोधायचं विसरूनच गेले.”

माईंनी रिकामी वाटी उचलली, बाळकृष्णापुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले.

मग म्हणाल्या, “चल. लोक खोळंबलेत.”

अंबुजेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ती घाईनं वळली. “आलेच, माई. हात तेवढे धुते. असल्या हातांतून चिपळ्या निसटतील.”

“निसटू देत.”