शेपट्यांचा ढीग

दिवाण बाबासाहेबांनी संस्थानभर दवंडी पिटवली, "लांडग्याची शेपटी आणा, इनाम न्या." वर्षभरात कचेरीसमोर शेपट्यांचा ढीग लागला. लांडग्यांचा नायनाट झाला म्हणून दिवाणांनी त्या ढिगाशेजारीच आपला सत्कार ठेवला.

सत्काराच्या दिवशी पहाटेच म्हाकूबाई धनगरणीच्या कळपात लांडगीण शिरली आणि तिनं गाभण मेंढ्या फाडल्या. म्हाकूबाईनं कुऱ्हाडीनं तिला लोळवलं, खांद्यावर टाकलं आणि भर सत्कारात दिवाणांच्या पायाशी आणून आपटलं.

"हिची शेपटी कुठाय?" दिवाण गुरकावले. "शेपटीशिवाय इनाम नाही."

"शेपटी तुमच्याच ढिगात हाय, सरकार. ही जखम बघा, कवाच भरलीया. तुमचे शिकारी मादीला खड्ड्यात धरत्यात, शेपटी कापत्यात अन् सोडून देत्यात. पुढल्या साली तिच्या पिल्लांच्या शेपट्या नकोत का मिळायला?"

सभेत खसखस पिकली. दिवाणांचा चेहरा लालबुंद झाला.

"शिकारी कामचुकारपणा करतात काय! आजपासून इनाम दुप्पट!"

म्हाकूबाईनं रक्तानं माखलेले हात पदराला पुसले.

"करा की. शेपट्या दुपटीनं येतील. पर सरकार, माझ्या मेंढ्या काय तिनं शेपटीनं फाडल्या व्हत्या?"