हळद-कुंकवाचा स्क्रू

पैज लावा. या गोष्टीचा शेवट आधी ओळखून दाखवेल त्याला सगळ्यांच्या ताटातली एकेक भाकरी. तुम्ही म्हणाल, बाई जिंकली आणि मिस्त्री पाया पडला. चुकलात. तुम्ही म्हणाल, बाईचं बोट गेलं. तेही चुकलं. आता गप बसा आणि ऐका.

फार फार वर्षांमागं डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. किती वर्षांमागं ते विचारू नका. राजाच्या पागेतले घोडे म्हातारे होऊन बसले होते आणि त्यांच्या जागी फटफट्या आल्या होत्या, एवढं जुनं.

राजाचं टपाल नेणारे बारा जासूद होते. अकरा बाप्ये आणि एक बाई. बाईचं नाव चिमाक्का.

टपालाची वाट करवंदीच्या घाटातनं जायची. दोन्ही अंगांनी काटेरी जाळ्या इतक्या आत आलेल्या, की फटफटी कशीबशी निघायची, पण हँडल धरलेले हात सोलून निघायचे. जासूद ओळखायची खूणच ती. ज्याच्या बोटांवर खपल्या, तो राजाचा माणूस.

एकदा चिमाक्काच्या उजव्या हाताचं मधलं बोट पिकलं. वैद्यानं कडुलिंबाचा पाला वाटून बांधला आणि सांगितलं, परत त्याच जागी काटा घुसला तर बोट काढावं लागेल. बोट गेलं तर ब्रेक दाबता येणार नाही. ब्रेक नाही तर फटफटी नाही. आणि फटफटी नाही तर घरी बसा. चिमाक्काला बोट जायची एवढी भीती नव्हती, घरी बसायची होती. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, वहिनी, आता चूल सांभाळा. तिनं चुलीत लाकूड सारलं, भात उतरवून त्याच्यापुढं ठेवला, आणि किक मारून घाटाला लागली. त्याला वीस वर्षं झाली होती.

तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. सुपासारखा वाकवून हात झाकायच्या दोन ढाली केल्या. काटा येईल तो पत्र्यावर, बोटं आत सुखरूप. आता ढाली बसवायच्या तेवढ्या राहिल्या. हँडलच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू होता. तो काढायचा, त्याच भोकात ढाल अडकवायची, झालं काम.

पण तो निघेल तर ना.

ते स्क्रू राजाच्या दौलू मिस्त्रीनं आवळलेले. दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, दौलू सगळ्या फटफट्या ओळीनं उभ्या करायचा. हरेक स्क्रूला हळद लावायचा, वर कुंकू, वर तेलाचं बोट. मग हात जोडायचा आणि होता नव्हता तेवढा जोर लावून स्क्रूला आणखी पीळ द्यायचा. याला तो पूजेचा पीळ म्हणायचा. वीस खंडेनवम्यांचे वीस पीळ. हळद-कुंकवाचा थर तर असा बसला होता, की स्क्रूच्या डोक्यावरची चौफुली पार बुजली होती. स्क्रू फिरवायचा डिसमिस टेकवायला खाच दिसेना.

चिमाक्का दौलूकडं गेली. म्हणाली, मिस्त्री, तेवढे दोन काढून द्या. दौलू पान जुळवत होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, की स्क्रू आवळायचा असतो, काढायचा नसतो. आणि खपल्यांचं कसलं रडगाणं, खपल्या म्हणजे जासुदाचे दागिने.

"मग दागिनं तुमीच घाला की, मिस्त्री," चिमाक्का म्हणाली. "मला नकोत."

गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा कंटाळलेला माणूस, त्याला असलं काही मिळालं की जेवण गोड लागायचं. त्यानं दोघांना पागेपुढं बोलावलं. सगळे जासूद जमले, मुदपाकखान्यातल्या बायासुद्धा हात पुसत आल्या. दौलूनं अट घातली. बाईनं स्क्रूचं डोकं न बिघडवता तो काढला तर ढाली बसवाव्यात. डोकं बिघडलं तर फटफटी पागेत जमा आणि बाई घरी.

"चालंल," चिमाक्का म्हणाली. "पर मिस्त्रींना काढता येतो का, ते तरी सांगावं."

"मी कशाला काढू?" दौलू म्हणाला. "मी पूजा करनारा मानूस."

अकरा जासूद एकमेकांकडं बघायला लागले. वीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

चिमाक्का फटफटीपुढं उकिडवी बसली. आधी तिनं स्क्रूला हात जोडले. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं हळद-कुंकू खरवडायला लागली.

पूजेचं कुंकू कुणी नखानंसुद्धा उकरत नसतं. एका म्हाताऱ्या जासुदानं तिला हळूच सांगितलं, आक्का, पाप लागेल.

"लागलं तर माझ्या बोटाला लागंल," ती म्हणाली. "ते तसंबी निघालंयच."

थर निघाला, तशी खाली चौफुली दिसली. नवीकोरी. मग तिनं मुदपाकखान्यातनं पळी मागवली, लाल होईतो तापवलेली, आणि हँडलच्या टोकाला टेकवून धरली. एकात एक अडकलेली दोन पातेली सोडवायची तर बाहेरच्याला शेक द्यावा लागतो, हे तिथल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. त्यांनी माना हलवल्या. बाप्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनीही हलवल्या. मग डिसमिस खाचेत नीट बसवून तिनं मागनं हातोडीचे चार हलके ठोके दिले.

आणि मग तिनं स्क्रू आवळला. होय, आवळला. सगळी पागा हसली. दौलू मोठ्यानं म्हणाला, बाईला डावं-उजवं कळंना झालं. चिमाक्कानं ऐकून सोडून दिलं. पावसात फुगलेलं दार ओढून उघडत नाही. आधी आत रेटावं लागतं, मग ते सुटतं. तिनं केसाएवढाच आवळला. आतनं कट् असा बारीक आवाज आला. तिनं हात उलटा फिरवला.

स्क्रू शहाण्या मुलासारखा बाहेर आला. दुसराही आला. ढाली बसल्या. चिमाक्का तिथनंच घाटात गेली आणि दिवस कलायच्या आत परतली. पत्र्यावर ओरखडेच ओरखडे, आणि दहाच्या दहा बोटं जाग्यावर.

राजा खूश झाला. दौलूला म्हणाला, आता माझ्याही फटफटीला बसव.

आता दौलूच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? चिमाक्कानं स्वतःहून आकडा पुढं केला. म्हणाली, आधी खरवडा, मिस्त्री, मग मी पळी धरते.

"मिस्त्री बाईच्या केसातल्या आकड्यानं काम करत नसतो," दौलू म्हणाला.

त्यानं कुंकू खरवडलं नाही. शेक दिला नाही. डिसमिसच्या मुठीला लांब नळी आडवी बांधली आणि तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकला. डिसमिस घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा चौफुलीची वाटी झाली. तेव्हा तरी थांबावं की नाही? त्यानं रागानं दुसऱ्या टोकाचा स्क्रूही तसाच बिघडवला. दोन्ही डोकी सुपारीसारखी गुळगुळीत झाली. आता कुणाचाच आकडा उपयोगाचा नव्हता.

राजानं वाकून दोन्ही टोकं पाहिली.

"कधी निघंल?"

"निघंल, महाराज. उद्या-परवा."

"मग निघंपर्यंत ही फटफटी तूच चालव," राजा म्हणाला. "टपाल न्यायला."

दौलूनं जासुदांकडं बघितलं. सगळ्यांचे हात खपल्यांनी भरलेले होते. त्याच आठवड्यात चिमाक्कानं अकराही फटफट्यांचे स्क्रू काढून दिले आणि सगळ्यांना ढाली बसल्या. दौलू एकटा उघड्या हातांनी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, आणि घरी आला की बिघडलेल्या स्क्रूवर डिसमिस लावून बसायचा. चिमाक्कानं दोनदा विचारलं, बघू का? दोन्ही वेळा तो नको म्हणाला.

करवंदं पिकायच्या आत दौलूची डावी करंगळी वैद्यानं काढली. स्क्रू मात्र अजून तिथंच आहेत.

म्हणून सांगतो, ज्याला सोडवता येत नाही त्यानं आवळू नये.