वासरांचं कुरण

दूर आफ्रिकेच्या पठारावर, नजर थकते पण माळ संपत नाही अशा मुलखात, मसाई पशुपालकांची एक वस्ती होती. शेणामातीची बुटकी घरं, भोवती काटेरी फांद्यांचं गोल कुंपण. इथली माणसं श्रीमंती मोजायची ती गुरांवर. वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न असायचा, "मुलं बरी ना? गुरं बरी ना?"

वस्तीजवळ एक राखीव कुरण होतं. मोठी गुरं दूरच्या माळावर चरायची. हे गवत फक्त वासरांसाठी. कुरणाची राखण नासिएकू नावाच्या बाईकडे होती. नवरा वारल्यावर वडीलधाऱ्यांनी ते काम विश्वासाने तिच्यावर सोपवलं होतं. ती पहाटे धारा काढायची, वासरासाठी कासेत दूध राखायची आणि मग हातात काठी घेऊन कुरणाच्या तोंडाशी उभी राहायची.

एका वर्षी पावसाने दगा दिला. माळ करपला. तरुण गडी मोठे कळप घेऊन डोंगराकडे निघून गेले. वस्तीत उरल्या दुभत्या गाई, वासरं, बायकामुलं आणि म्हातारी माणसं.

वस्तीतली बडी असामी असलेला कोइनेट मात्र आपला आवडता बैल डोंगरावर धाडायला तयार नव्हता. रुंद शिंगांचा, काळाभोर बैल. साऱ्या पठारावर त्याचं नाव होतं. कोइनेट त्याला घेऊन कुरणापाशी आला.

"नासिएकू, बाजूला हो. थोडंसंच खाईल."

"नाही, दादा. हे वासरांचं आहे."

"हा बैल म्हणजे वस्तीची शान आहे!"

"आहेच. पण त्याच्या पायांत डोंगरापर्यंत जायचं बळ आहे. वासरांच्या नाही."

कोइनेट लालबुंद झाला. "तुझ्या गाईवर वेळ येऊ दे, मग बघतो तुझा नियम!" असं म्हणून तो बैलाला डोंगराकडे घेऊन गेला.

आणि वेळ आलीच. नासिएकूची एकच गाय होती, तांबूस, पोटाखाली पांढरी. लग्नात वडिलांनी दिलेली. तिच्याच दुधावर नासिएकूची लेक वाढत होती. गाय खंगत गेली. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. तिचं वासरू कुरणात चरत होतं आणि ती कुंपणाबाहेरून हंबरत होती.

नासिएकूने तिच्यासाठी रान पालथं घातलं. बाभळीच्या शेंगा आणल्या, झाडपाला आणला, पण गाय काही सावरेना. शेवटी ती कुरणाच्या तोंडाशीच बसली. लेक रडत म्हणाली, "आई, मूठभर गवत दे ना तिला!"

तेवढ्यात कोइनेट बैलाला गड्यांच्या हवाली करून डोंगरावरून परत आला. गाईकडे पाहून त्याचा राग विरघळला. तो हळूच म्हणाला, "सोड तिला आत. मी कुणाला बोलू देणार नाही."

नासिएकूचा हात कुंपणाच्या फांदीवर गेला. एक फांदी ओढली की झालं. मागे घरांच्या दारांत बायका उभ्या होत्या. प्रत्येकीची गाय भुकेली होती.

तिने हात मागे घेतला. "दादा, माझी गाय आत गेली तर यांच्या गाईंना मी कुठल्या तोंडाने अडवू? आणि सगळ्याच शिरल्या तर वासरांनी काय खायचं?"

मग ती गाईशेजारी बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीने पाणी पाजलं. सूर्य कलायच्या आत गाय गेली. नासिएकू ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून उठली आणि काठी घेऊन आपल्या जागी उभी राहिली.

त्यानंतर कुणीही कुरणाकडे गुरं वळवली नाहीत. कोइनेट स्वतः तिच्यासोबत राखणीला उभा राहू लागला.

उशिरा का होईना, पाऊस आला. आजूबाजूच्या वस्त्यांनी आपली कुरणं मोठ्या गुरांना आधीच खुली केली होती. तिथली वासरं दगावली होती. या वस्तीची मात्र वासरं माळावर उड्या मारत होती. डोंगरावरून परतलेले गडी ती पाहून थक्क झाले.

वडीलधाऱ्यांनी झाडाखाली सभा भरवली आणि नासिएकूला समोर बोलावलं. सगळ्यांदेखत कोइनेट उठला. त्याने आपल्या कळपातली सगळ्यांत देखणी कालवड तिच्या पुढ्यात आणून उभी केली.

मसाईंमध्ये कालवड देणारा आणि घेणारा पुढे एकमेकांना त्या कालवडीच्याच नात्याने हाक मारतात; नाव मागे पडतं. कोइनेट म्हणाला, "माझ्या बैलाला मी वस्तीची शान म्हणायचो. शान कशाला म्हणतात ते मला हिने दाखवलं. आजपासून ही माझी कालवड-बहीण."

नासिएकूने मान ताठ ठेवून कालवडीच्या कपाळावर हात ठेवला. तिची लेक धावत आली आणि म्हणाली, "आई, हिला मी चारायला नेऊ?"

"ने," नासिएकू म्हणाली, "पण माळावर. कुरण वासरांचं आहे."

तात्पर्य: नियम दुसऱ्यांना सांगणारे पुष्कळ असतात, पण जो स्वतःचं काळीज तुटत असतानाही तो पाळतो, त्याच्याच भरवशावर सगळ्यांचा उद्याचा दिवस उभा राहतो.