वडाला टांगलेली पानं

फार जुनी गोष्ट. रानात एक सुतारपक्षी आपल्या चोचीने प्राण्यांचे मोतीबिंदू काढायचा. त्यात कित्येकांचे डोळे कायमचे गेले, म्हाताऱ्या साळिंदराचे, म्हणजे साळूआजीचेही. बोंब वाढली, तेव्हा रानाच्या दरबाराने दवंडी पिटली, "प्रत्येकाने पळसाचं एक पान चावून द्यावं. सुतारपक्ष्याबद्दल तक्रार असेल तर टोकाला, समाधान असेल तर देठाला. सगळी पानं वडाला टांगू. लपवाछपवी नाही!"

साळूआजीने पानाचं टोक कडकडून चावलं.

पंधरा दिवसांनी कारभारी तरस वडाखाली गरजला, "बघा! एकूण एक पान देठाला चावलेलं!"

आजीने पुढे होऊन पंजाने पानं चाचपली. "कारभारी, यात माझं पान नाही. आणि हे सगळे दात एकाच जबड्याचे आहेत. तुमच्याएवढ्या मोठ्या जबड्याचे."

तरस गोड हसला. "आजी, तुम्हाला दिसत नाही. दिसतंय त्यांना विचारू की!"

जमलेल्यांनी पानं पाहिली, तरसाचे दात पाहिले आणि "कारभारी म्हणतात तेच खरं" म्हणून माना डोलावल्या. सगळ्यांत आधी रानडुकराने.

वर्षभराने त्याचाही मोतीबिंदू सुतारपक्ष्याने काढला आणि त्याचेही डोळे गेले. आता तो आजीशेजारी बसून वाळलेली पानं चाचपत होता.

"आजी, दात तरसाचेच गं!"

"तुला तर तेव्हा दिसत होतं," आजी म्हणाली.