गाळलेली सोळा तारीख

“सांगा पाहू सोलकर, मग तो दिवस गेला कुठे?”

डॉ. टिपणीसांनी अडतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं होतं. प्रश्न टाकायचा आणि समोरच्याकडे रोखून पाहत राहायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

सोलकर पितळी कठडा पुसत राहिला. तो त्या प्रवासी जहाजावरचा सुकाणी, रत्नागिरीकडचा. जहाज हाकायची पाळी संपली की फडकं घेऊन कठड्यावरचं मीठ पुसत बसायचा. खरं तर ते काम त्याचं नव्हतं.

जहाजावर मराठी बोलणारे हे दोघेच. हवाई बेटं सोडल्यापासून रोज सकाळी दहाला इथे भेटत.

समुद्र अगदी गप्प होता. पाच दिवसांत एक पक्षीसुद्धा दिसला नव्हता.

“काल पंधरा मार्च होता,” टिपणीस म्हणाले. “आज सकाळी दाराखालून कार्यक्रमाचा कागद सरकला. त्यावर सतरा. रात्री आपण पश्चिमेकडे जाताना तारीख बदलणारी वाररेषा ओलांडली. सोळा तारीख या जहाजावर आलीच नाही.”

“दर फेरीत होतं, साहेब. आमची पोरं म्हणतात, एक दिवस म्हातारं व्हायचं वाचलं.”

“मी त्यासाठीच ही सफर निवडली. चार महिने नकाशे आणि वेळापत्रकं घेऊन बसलो होतो.”

सोलकरचा हात थांबला.

“लोक बोटीवर बेटं बघायला येतात. तुम्ही तारीख चुकवायला आलात?”

“हसा.”

“हसत नाही, साहेब.”

...

“कुमुद, माझी बायको. अंथरुणाला खिळलेली होती. अकरा वर्षांपूर्वी सोळा मार्चला सकाळी म्हणाली, ‘आज नका ना जाऊ.’ माझा एकच तास होता. म्हटलं, हा आलोच.”

“मग?”

“अकरा वाजता ती गेली. मी फळ्यावर लिहीत होतो.”

सोलकरने फडक्याची घडी घातली.

“दर वर्षी तो दिवस येतो. ती पुन्हा म्हणते, नका ना जाऊ. आणि मी पुन्हा चपला घालतो. डॉक्टर झाले, औषधं झाली, उपनिषदं वाचून झाली... काही उपयोग नाही. मग वाटलं, तो दिवसच नसला तर?”

टिपणीसांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता. कोडं सुटलेल्या मुलासारखा.

“आणि बघा. नाही आला.”

सोलकरने फडकं खांद्यावर टाकलं. मनगटावरच्या घड्याळात दहा वाजले होते. त्याने सदऱ्याच्या खिशातून रुमालाची घडी काढली, ती उलगडली. आत दुसरं घड्याळ होतं; जुनं, चावीचं, पट्टा तुटलेलं.

“हे काय?”

“गावचं घड्याळ. जहाजाचं मागेपुढे होत राहतं. याला मी हात लावत नाही. आता घरची उठली असतील, आता होडी आली असेल, एवढं कळायला पुरतं.”

त्याने घड्याळ टिपणीसांपुढे धरलं. अडीच वाजले होते.

“घरी आता रात्रीचे अडीच. सतरा तारीख लागलेली. म्हणजे सोळा येऊन गेली, साहेब.”

टिपणीसांनी काट्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलू लागले. ते मागे मोजत होते.

“बाई गेल्या ती वेळ...” सोलकर हळूच म्हणाला. “आपल्याकडचे सकाळचे अकरा. बोटीवर काल संध्याकाळचे साडेसहा.”

मोजणं थांबलं.

एखाद्या विद्यार्थ्याने असली चूक केली असती, तर त्यांनी त्याची वही भिरकावली असती.

“तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

टिपणीस कठडा धरून उभे राहिले.

“जेवणघरात...” ते म्हणाले. “टेबलावर सात माणसं होती. मी संत्रं हातात घेऊन त्यांना वाररेषा समजावून सांगत होतो.”

...

“सगळे हसले. टाळ्या वाजवल्या.”

...

“तिची आठवणही नव्हती, सोलकर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली असेल, नका ना जाऊ. मला ऐकूसुद्धा आलं नाही.”

इंजिनाची घरघर पायांखाली चालू होती. दूरवर कुठे काही नव्हतं. पाण्याचा आणि आभाळाचा रंगही एकच होता.

एकाएकी टिपणीसांनी सोलकरची बाही धरली.

“उलटं गेलं तर? बोट पूर्वेकडे नेली, तर दिवस परत मिळतो. मिळतो ना? तीच तारीख दोनदा येते.”

“येते.”

“मग मी परत येईन. पुढच्या वर्षी, उलट्या फेरीने. सोळाला खोलीत बसेन. दार लावून, तिच्याजवळ. दोन्ही दिवस.”

सोलकरने बाही सोडवून घेतली नाही.

“मला आली होती तशी, एकच तारीख दोनदा,” तो म्हणाला. “मालाच्या बोटीवर होतो तेव्हा. पूर्वेकडची फेरी. सकाळी निरोप आला, माझा थोरला पोरगा खाडीत बुडाला. चोवीस तारीख होती.”

टिपणीस ऐकत होते.

“दुसऱ्या दिवशी उठलो. परत चोवीसच.”

“मग?”

सोलकरने गावच्या घड्याळाला चावी दिली. कानाशी धरून टिकटिक ऐकली. रुमालात गुंडाळून ते खिशात ठेवलं, आणि पुसून झालेला कठडा पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला.

“मग, सोलकर?”

“दोन्ही दिवस मी सुकाणूवर होतो.”